दर्या, दऱ्या आणि तुटलेली बांधणी

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ नमस्कार करायचा असतो आणि ‘आचाऱ्यास’ पंगतीचे पैसे द्यायचे असतात. हा भेद मराठी माणसाला कोणी शिकवत नाही, तो कानातूनच येतो. यंत्राला मात्र तो शिकवावा लागला. एकदा शिकवून भागले नाही. प्रत्येक नव्या प्रणालीवर, प्रत्येक नव्या आवृत्तीत पुन्हा शिकवावा लागला. संगणकावरच्या मराठीचा इतिहास आपण बहुधा टंकांचा, म्हणजे फॉन्टचा इतिहास म्हणून सांगतो. अक्षर कोणी रेखाटले, कोणत्या वर्षी ते विंडोजमध्ये आले, शासनाने कोणता निर्णय काढला, हे सगळे त्यात येते. परंतु त्याच मराठीचा आणखी एक इतिहास आहे आणि तो पडद्यावर उमटलेल्या त्रुटींच्या संदेशांत लिहिलेला आहे. मूळ संहितेपासून एखादी संगणकीय लायब्ररी बांधायला घ्यावी आणि अर्ध्या तासाने यंत्राने ‘एरर’ म्हणून थांबावे, हा अनुभव मुंबईच्या उपनगरांत एका पिढीने रोज घेतला. मीही त्यांतलाच एक. या लेखात त्या थांबण्याचा इतिहास मांडायचा आहे.

जुळाऱ्याची जागा कोणी घेतली

छापखान्यात ‘दऱ्या’ जुळवताना जुळारी डोळ्यांनी पाहत असे. रफार कोणता, अर्धा र कोणता, हे त्याच्या हाताला ठाऊक होते आणि त्यासाठी केसमध्ये वेगवेगळे खिळे होते. संगणकात मात्र अक्षराचे रूप साठवले जात नाही, त्याचा क्रमांक साठवला जातो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिने देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. तिच्यात ‘र’ला एक क्रमांक आहे आणि खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला दुसरा. साधा र, मग हलन्त, मग य असा क्रम आला तर रफार काढायचा आणि ‘र्या’ दाखवायचे. टिंबाचा ऱ, हलन्त आणि य असा क्रम आला तर टिंब गाळून आडवा अर्धा र काढायचा आणि ‘ऱ्या’ दाखवायचे. युनिकोडच्या नियमांत या अर्ध्या रची स्वतंत्र नोंद आहे आणि तो मराठीत व नेवारीत वापरला जातो असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून दुसरी वाटही मान्य केलेली आहे : साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. त्यामुळे ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घ्यायला बसलात तर एक सापडतो आणि दुसरा निसटतो. कोशकारांना आणि जुनी पुस्तके संगणकावर आणणाऱ्यांना याचा त्रास आजही होतो.

म्हणजे क्रमांकांची ओळ वाचून योग्य रूप निवडण्याचे जुळाऱ्याचे काम आता एका लायब्ररीकडे आले. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे, तर अनेक प्रोग्रॅमांनी सामाईक वापरायच्या कामांचा संच. ती लायब्ररी चुकली तर तिच्यावर उभा असलेला प्रत्येक प्रोग्रॅम चुकतो. आणि ती दुरुस्त करायची तर तिची मूळ संहिता मिळवून, बदलून, पुन्हा बांधावी लागते. या बांधण्यालाच आम्ही ‘कंपाइल करणे’ किंवा नुसते ‘बिल्ड’ म्हणत असू.

जुहू, पवई, अंधेरी

हे सारे ज्या भागात घडले तो टापू एका दिवसात बसने फिरून होईल एवढाच आहे. जुहूला गुलमोहर मार्गाच्या परिसरात ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही संस्था होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून १९८५ मध्ये ती स्वतंत्र झाली आणि श्रीनिवासन रमणी यांनी तिचे नेतृत्व केले. पुढे ती ‘सी-डॅक’मध्ये विलीन झाली. पवईला आयआयटी. अंधेरीला १९७३ मध्ये स्थापन झालेले ‘सीप्झ’ हे निर्यातक्षेत्र, जिथे परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्या होत्या. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, जिथे नागार्जुन यांच्यासारख्या अभ्यासकांनी मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभे राहिले तेव्हा जुहूची संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यातली ई-मेलची जोडणी ही त्यातल्या अगदी पहिल्या जोडण्यांपैकी एक होती.

त्याच काळात तिकडे अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला होता. प्रोग्रॅम वापरणाऱ्याला त्याची मूळ संहिता वाचता, बदलता आणि वाटता आली पाहिजे, ही त्याची अट. १९८७ मध्ये ‘जीसीसी’ हा त्यांचा कंपायलर आला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स. पण मुलुंड-घाटकोपरच्या विद्यार्थ्यापर्यंत ही संहिता पोहोचायची कशी? विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. विद्यार्थ्यांसाठी पाचशे रुपयांचे स्वस्त खाते होते, त्यात चित्रे दिसत नसत, केवळ अक्षरे. पुढे ३३.६ किलोबिटचा मोडेम आला तेव्हाही एक मेगाबाइट उतरायला चार मिनिटे लागत, तीही फोनची लाइन मध्ये तुटली नाही तर. खरी गंगा आली ती सीडीतून. १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने बंगळुरूच्या अतुल चिटणीस यांच्या पुढाकाराने लिनक्सची सीडी अंकासोबत वाटली. बोरिवलीच्या स्टॉलवर मिळणाऱ्या मासिकाच्या वेष्टनात एक संपूर्ण कार्यप्रणाली, तिच्या मूळ संहितेसह, यावी याचे तेव्हा केवढे अप्रूप होते!

मात्र सीडी छापून होईपर्यंत जग पुढे गेलेले असे. तुम्हाला हवी असलेली दुरुस्ती नव्या आवृत्तीत असे आणि नवी आवृत्ती तयार बांधलेली मिळत नसे. मग मूळ संहितेचा गठ्ठा उतरवून घ्यायचा, तो सोडायचा आणि तीन आज्ञा द्यायच्या : ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’. आमच्या पिढीला हा त्रिपदी मंत्र तोंडपाठ होता. आणि तो पहिल्या झटक्यात फळला असे क्वचितच होई.

एका वाया गेलेल्या सकाळीचे फळ

या तीन आज्ञांनाही इतिहास आहे. ‘मेक’ हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिला. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एका सकाळी वैतागून त्यांच्या खोलीत आले. एका प्रोग्रॅममधला दोष शोधण्यात त्यांनी सकाळ घालवली होती आणि दोष तर आधीच दुरुस्त झालेला होता. केवळ ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवले, तर काय बदलले आणि म्हणून काय पुन्हा बांधावे लागेल हे यंत्रच ठरवील, या विचारातून ‘मेक’ जन्मले. त्या अवलंबनाच्या यादीत आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच झाली पाहिजे असा नियम होता. टॅबच्या जागी आठ मोकळ्या जागा दिल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण ‘मिसिंग सेपरेटर’ असा संदेश देऊन ‘मेक’ थांबते. ही खोड नंतर काढता आली असती. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांचे काम मोडू नये म्हणून फेल्डमन यांनी नियम तसाच ठेवला. बारा-एक मित्रांच्या सोयीसाठी ठेवलेला तो टॅब पुढे जगभर लाखोंनी सोसला. दर्या आणि दऱ्या यांच्यातल्या फरकाची ज्यांना चाड आहे, त्यांना न दिसणाऱ्या चिन्हाचे हे माहात्म्य नवे वाटू नये.

‘कॉन्फिगर’ त्यानंतरचे. युनिक्सच्या शाखा फुटल्या, प्रत्येक कंपनीचे युनिक्स थोडे वेगळे झाले आणि एकच संहिता सगळीकडे बांधता येईना. डेव्हिड मॅकेन्झी हे ग्नू प्रकल्पाची अनेक साधने सांभाळत होते. बांधणाऱ्याने आपल्या यंत्राविषयी वीसेक पर्याय हाताने निवडून द्यावे लागत, याचा कंटाळा येऊन १९९१ च्या जूनमध्ये त्यांनी यंत्रालाच प्रश्न विचारणारी एक लिपिका लिहिली. त्यातून ‘ऑटोकॉन्फ’ आले. ‘चेकिंग फॉर... येस’, ‘चेकिंग फॉर... नो’ असे शेकडो प्रश्नोत्तरांचे जे पारायण पडद्यावरून सरकत जाते ते त्याचेच. गावात नव्याने आलेला मास्तर जसा विहीर कुठे, चावडी कुठे, वाणी कोण, अशी चौकशी करतो, तसे ‘कॉन्फिगर’ तुमच्या यंत्राची चौकशी करते. ‘नाही’ हे उत्तर परवडणारे असेल तर पुढे जाते, नसेल तर तिथेच बसते.

थांबण्याचे प्रकार

मी मुलुंडला राहत असे आणि नोकरी अंधेरीला. घरच्या यंत्रावर रात्री बांधणी लावायची आणि सकाळी निघण्यापूर्वी काय झाले ते पाहायचे, असा क्रम होता. जे संदेश येत ते मी एका दोनशेपानी वहीत उतरवून ठेवी. ती वही चाळताना आज लक्षात येते की संदेश शेकडो असले तरी त्यांच्या जाती चार-पाचच आहेत.

पहिली जात : शीर्षफाइल सापडत नाही. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. तरुणांना हा संदेश फार छळतो, कारण लायब्ररी यंत्रावर असतेच. पण तयार प्रोग्रॅम चालायला लायब्ररी पुरते. नवा प्रोग्रॅम बांधायला तिचे शीर्षपत्रकही लागते, म्हणजे आत कोणती कामे आहेत आणि त्यांना काय द्यावे लागते याची यादी. वितरक या दोन गोष्टी दोन वेगळ्या गठ्ठ्यांत ठेवतात आणि दुसऱ्याच्या नावापुढे ‘देव’ किंवा ‘डेव्हल’ असे शेपूट असते. अक्षराची आकृती काढणाऱ्या ‘फ्रीटाइप’ या लायब्ररीचे शीर्षपत्रक तर आपल्या नावाच्या वेगळ्या उपफोल्डरात राहते, त्यामुळे ते यंत्रावर असूनही कंपायलरला दिसत नाही. पत्ता ‘पीकेजी-कॉन्फिग’ नावाच्या साधनाला विचारायचा असतो.

दुसरी जात : आवृत्तीचा तंटा. अमुक लायब्ररी हवी अमुक आवृत्तीची, आहे तमुक आवृत्तीची. इथे जुनी काढून नवी तिच्याच जागी टाकण्याचा मोह होतो. पण त्या जुनीवर तुमचा सगळा डेस्कटॉप उभा असतो. म्हणून जाणते लोक वेगळी चूल मांडतात : ‘प्रीफिक्स’ हा पर्याय देऊन सगळ्या नव्या लायब्रऱ्या एका स्वतंत्र फोल्डरात बांधायच्या, पीकेजी-कॉन्फिगला तिथला पत्ता द्यायचा, आणि मूळ घराला हात लावायचा नाही.

तिसरी जात : ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. कंपाइल झाले, पण जोडणीच्या वेळी एखाद्या कामाचे नाव आहे आणि काम कुठेच नाही. बहुधा लायब्ररीचे नाव आज्ञेत द्यायचे राहिलेले असते, किंवा क्रम उलटा झालेला असतो. जोडणारा प्रोग्रॅम स्थिर लायब्रऱ्या डावीकडून उजवीकडे एकदाच पाहतो. त्यामुळे मागणारा आधी आणि पुरवणारा नंतर असावा लागतो.

चौथी जात सर्वांत फसवी : बांधणी सुखरूप पार पडते आणि प्रोग्रॅम चालवायला गेले की ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. म्हणजे बांधणाऱ्याला नवे घर माहीत होते, चालवणाऱ्याला नाही. ‘एलडीकॉन्फिग’ चालवून नवा पत्ता प्रणालीच्या नोंदवहीत घालावा लागतो.

या सगळ्यांवर एकच जुना उपाय लागू पडतो : शेवटचा संदेश वाचू नका, पहिला वाचा. एक शीर्षपत्रक सापडले नाही की त्यामागोमाग दोनशे तक्रारी येतात आणि पडद्यावर शेवटची तेवढी दिसत राहते. ‘मेक’ एकाच वेळी चार-आठ कामे करीत असेल तर संदेश एकमेकांत मिसळतात. तेव्हा एकेरी चालवून पाहावे. ‘कॉन्फिगर’ने थांबवले तर ‘कॉन्फिग डॉट लॉग’ ही फाइल उघडावी. त्याने कोणता प्रश्न विचारला, कोणता छोटा प्रोग्रॅम बांधून पाहिला आणि कंपायलर नेमके काय म्हणाला, हे त्यात शब्दशः असते. दफ्तरातल्या कागदावर विश्वास ठेवणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत ओळखीची वाटेल.

वऱ्हाड निघाले का?

आता मराठीकडे येतो. लिनक्सवर मराठी दिसावी यासाठी तीन गोष्टी लागत होत्या : मुक्त परवान्याचा टंक, अक्षरे जुळवणारी लायब्ररी, आणि मराठीत शब्द लिहून देणारी माणसे.

टंकाच्या बाबतीत उपनगराचे ऋण मोठे आहे. र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत. नंतर ते जुहूच्या संस्थेत आले. विंडोज २००० सोबत जगभर गेलेला ‘मंगल’ त्यांचा. पण तो मायक्रोसॉफ्टचा. जुहूच्याच संस्थेत त्यांनी सहकाऱ्यांसह ‘रघु’ हा टंक केला आणि तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली खुला झाला. एकाच माणसाच्या हातून बंद आणि खुल्या अशा दोन्ही जगांसाठी देवनागरी उतरली. २००८ मध्ये जोशी गेले. ‘इंडिकट्रान्स’ या गटाचा ‘गार्गी’ हाही मुक्त टंक त्या सुरुवातीच्या दिवसांतला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेला ‘लोहित’ रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केला.

माणसे जमवण्याचे काम ‘इंडलिनक्स’ने केले. व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी मुंबईतून त्याची सुरुवात केली आणि जी. करुणाकर यांनी तांत्रिक धुरा वाहिली. ‘फाइल’, ‘सेव्ह’, ‘कॅन्सल’ यांना काय म्हणायचे यावर रात्ररात्र वाद होत.

राहिली लायब्ररी. तिचे नाव ‘पँगो’. ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा, असा तो जोडशब्द. मार्च २००२ मध्ये ‘जीटीके’ची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात अक्षरे दाखवण्याचे काम पँगोकडे गेले. भारतीय लिप्यांच्या नियमांची दुरुस्ती पँगोच्या ताज्या संहितेत असे. ती हवी तर पँगो बांधा. पँगोला नवे ‘ग्लिब’ हवे, नवे ‘फ्रीटाइप’ हवे, ‘फॉन्टकॉन्फिग’ हवे. त्यांना आणखी काही हवे. एका अर्ध्या रसाठी सात-आठ लायब्रऱ्यांची उतरंड उतरावी लागे आणि प्रत्येक पायरीवर वर सांगितलेल्या चार जातींपैकी एखादी उभी असे.

घाटकोपरला एक अक्षरजुळणीचे दुकान होते. मालक वयाने मोठे. खिळ्यांच्या काळापासून या व्यवसायात होते. मी त्यांना काका म्हणे, ते मला अहो-जाहो करत. नव्या पद्धतीबद्दल त्यांना कुतूहल होते, पण विश्वास नव्हता. ते विचारत, “अहो, तुमच्या त्या यंत्रात वऱ्हाड नीट निघतं का?”

“अजून नाही काका. रफार येतोय.”

“मग निघालं की सांगा. लग्नपत्रिकेत वऱ्हाडावर रफार दिला तर मुलीचा बाप पैसे देत नाही.”

या एका वाक्याने माझी चाचणीची पद्धत ठरली. वहीच्या मागच्या पानावर मी शब्द लिहून ठेवले : वऱ्हाड, कुऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या, आचाऱ्यास, तऱ्हा, आणि समोर त्यांचे शत्रू : दर्या, सूर्या, आचार्यास. बांधणी पुरी झाली हा पुरावा नव्हे. हे शब्द बरोबर उमटले हा पुरावा. आणि ते एका प्रोग्रॅममध्ये उमटले तरी दुसऱ्यात उमटत नसत, कारण जीटीके पँगोला विचारी, ‘क्यूटी’वर बांधलेले प्रोग्रॅम स्वतःच्या संहितेला विचारत. दोघांचे मूळ एकच होते, फ्रीटाइपमधली जुनी ओपनटाइप संहिता. पण वाटणी झाल्यावर दोन्ही भावांनी आपापली डागडुजी केली आणि घरे वेगळी दिसू लागली. पुढे ती संहिता पुन्हा एका छपराखाली आणून बेहदाद एस्फाहबोद यांनी नव्याने लिहिली. तिचे नाव ‘हार्फबझ’. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुले. हर्फ आपल्याकडेही आहेच, आपण त्याचा हरफ केला. आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सर्वांत अक्षरजुळणीचे काम हार्फबझ करते. तुमच्या फोनवर ‘दऱ्या’ बरोबर दिसत असतील तर त्या जुळाऱ्याचे नाव हे.

हार्फबझ बांधणाऱ्यांना अनेक वर्षे एक मजेदार पेच सोडवावा लागे. हार्फबझला आकृतीसाठी फ्रीटाइप हवे आणि फ्रीटाइपला अक्षर रेखीव करण्यासाठी हार्फबझ हवे. आधी बांधायचे कोणते? उत्तर असे : फ्रीटाइप एकदा हार्फबझवाचून बांधा, त्याच्या आधाराने हार्फबझ बांधा, आणि मग फ्रीटाइप पुन्हा बांधा. घर बांधताना आधी पत्र्याची खोली उभारून तिथे राहावे आणि पक्के घर झाल्यावर ती खोलीही पक्की करावी, तसे.

न वाचलेल्या पानांवर

हे सर्व आता बहुतेकांना करावे लागत नाही, आणि ते चांगलेच झाले. डेबियनसारख्या वितरणांनी हजारो लायब्रऱ्या बांधून, जुळवून, एका आज्ञेवर आणून ठेवल्या. मराठीत लिहू पाहणाऱ्या माणसाला कंपायलर शिकावा लागू नये, हीच तर सगळ्या खटाटोपाची इच्छा होती. पण सोयीबरोबर एक गोष्ट नकळत हातातून गेली. संहिता खुली आहे या वाक्यावर आपण विसंबून राहिलो आणि संहितेपासून वस्तू होईपर्यंतचा मधला रस्ता कोणी पाहीनासे झाले.

केन थॉम्प्सन यांनी १९८४ च्या ट्युरिंग व्याख्यानात याचा इशारा दिला होता : कंपायलरमध्येच चोरवाट ठेवली तर मूळ संहिता कितीही वाचा, ती दिसणार नाही. चाळीस वर्षांनी त्याचा चुलतभाऊ प्रत्यक्ष भेटला. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला दूरच्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद उशीर होतोय असे जाणवले. माग काढत तो ‘एक्सझेड’ या संक्षेपणाच्या लायब्ररीपर्यंत पोहोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट होती. ती ठेवली होती कुठे? सर्वांना दिसणाऱ्या संहितेच्या भांडारात तिचा मुख्य दुवा नव्हताच. वाटपाच्या गठ्ठ्यात, ‘कॉन्फिगर’ ज्यांतून तयार होते त्या फाइलींपैकी एकीत तो होता. आणि उरलेला ऐवज चाचणीच्या फाइलींत दडवला होता. ज्या पारायणाकडे आपण कंटाळून पाठ फिरवतो, नेमके तेच पान घुसखोराने निवडले. ते कोणी वाचत नाही, हे त्याला माहीत होते.

मराठीच्या बाबतीत धोका चोरीचा नाही, विस्मरणाचा आहे. अर्ध्या रचा नियम, मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा निवडण्याची सोय, हे सारे आज थोड्याशा ओळींत आहे आणि त्या ओळी सांभाळणारी माणसे मराठी नाहीत. ती सज्जन आहेत, दुरुस्ती पाठवली तर आनंदाने घेतात. पण उद्या एखाद्या नव्या आवृत्तीत वऱ्हाडावर रफार आला तर तो त्यांना दिसणार नाही. तो आपल्यालाच दिसेल. आणि केवळ तक्रार करायची नसेल तर संहिता उतरवून, बांधून, दोष कोणत्या ओळीत शिरला ते सांगणारे कोणी तरी इथे असावे लागेल.

त्याची सामग्री आहे. पवईच्या आयआयटीत मुक्त सॉफ्टवेअरच्या शिक्षणासाठी ‘फॉसी’ प्रकल्प चालतो आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’मधून लिनक्स आणि सी यांचे धडे मराठी निवेदनासह मिळतात. अंधेरी-बोरिवलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी हार्फबझ मूळ संहितेपासून बांधावे. आता त्याच्या बांधणीला ‘मेझॉन’ हे नवे साधन लागते, पण थांबण्याच्या जाती जुन्याच आहेत. बांधून झाल्यावर सोबत ‘एचबी-व्ह्यू’ नावाचे छोटे साधन मिळते. त्याला एक टंक आणि एक शब्द दिला की तो शब्द कसा जुळला याचे चित्र ते काढून देते. शब्द कोणते द्यायचे ते वर लिहिलेच आहेत. वऱ्हाड आधी घालावे. घाटकोपरच्या त्या दुकानात मी ते बरोबर निघाल्याचा कागद घेऊन गेलो तेव्हा काकांनी चष्मा पुसून तो उजेडात धरला, अर्धा र नीट पाहिला आणि म्हणाले, “निघालं खरं. आता हे असंच राहील याची जबाबदारी कोणाची?”